लवकर फुलणारे क्रोकस: पहिल्या वर्षी भरघोस फुले, दुसऱ्या वर्षी नुसती पाने

ओली माती:

नमस्कार. गेल्याच्या आधीच्या शरद ऋतूत मी पहिल्यांदा क्रोकस या केशराच्या जातकुळीतल्या फुलझाडाचे घनकंद, म्हणजे जमिनीत लावायचे छोटे भरीव कंद, लावले. थंडी सरण्याआधी, बागेत बाकी सगळे निजलेले असताना, खिडकीतून एखादे तरी फूल दिसावे, एवढीच इच्छा होती. एकूण शंभरांपैकी साठ घनकंद टॉमासिनियानस या जातीचे, फिकट जांभळ्या फुलांचे होते आणि चाळीस क्रिसँथस जातीचे, पिवळ्या फुलांचे. जांभळ्यांपैकी चाळीस हिरवळीत विखरून लावले. उरलेले वीस आणि सगळे पिवळे एका पानझडी झाडाखालच्या वाफ्यात लावले. खोली सगळीकडे साधारण पाच सेंटिमीटर ठेवली होती.

पहिल्या वर्षी जे दिसले ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. कडेला बर्फ शिल्लक असताना हिरवळीतून पेन्सिलीच्या टोकांसारख्या राखाडी कळ्या वर आल्या. दुपारी ऊन पडले तशा त्या पाहता पाहता उमलल्या, आतला जांभळा रंग आणि नारिंगी पराग दिसू लागले, आणि ढग येताच पुन्हा मिटल्या. त्या एका दिवसात मी किती वेळा बाहेर जाऊन आले ते सांगता येणार नाही.

यंदा मात्र हिरवळीत जेमतेम पाच फुले आली. पाने आली आहेत, पण तीही बारीक, गवतात हरवून जाणारी. वाफ्यातल्या जांभळ्यांना गेल्या वर्षीपेक्षा जास्तच फुले आली. पिवळ्यांपैकी निम्मे मात्र उगवलेच नाहीत, आणि जी थोडी फुले आली ती कोणीतरी ओरबाडल्यासारखी चिंध्या होऊन पडली होती. तीन-चार घनकंद तर मातीवर उघडे पडलेले सापडले. गेल्या वर्षी फुले संपल्यावर तीन आठवड्यांनी मी हिरवळ कापली होती, आणि उन्हाळ्यात त्या वाफ्याला इतर झाडांबरोबर नियमित पाणी दिले होते. या दोन गोष्टींचा याच्याशी काही संबंध असल्यास कृपया सांगावे. यंदा फुले संपून दोन आठवडे झाले आहेत आणि गवत अजून कापलेले नाही, म्हणून घाईने विचारत आहे.

घनकंद उपसून पुन्हा खोल लावणे गरजेचे आहे का, आणि असल्यास ते केव्हा करावे? तसेच येत्या शरद ऋतूत भर घालायची झाल्यास सर्वांत लवकर फुलणारे क्रोकस कोणते, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना वाफा:

गवत कापायचे यंत्र अजून महिनाभर तरी बाहेर काढू नका; बाकीचे सगळे त्यानंतर.

इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण क्रोकसच्या घनकंदातच आहे. तो कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसतो, आतून भरीव असतो, आणि मुख्य म्हणजे त्याचे आयुष्य एकाच वर्षाचे असते. शरद ऋतूत आपण जो लावतो, तो मुळे, फूल आणि पाने यांच्यासाठी स्वतःतला सगळा साठा खर्चून टाकतो, आणि वसंत सरता सरता त्याची एक सुकलेली चपटी चकती तेवढी उरते. त्याच्याच माथ्यावर, कोंबाच्या बुडाशी, नवा घनकंद आकार घेत असतो. पोषण चांगले मिळाले तर एकाऐवजी दोन-तीनही धरतात. हे पोषण मुख्यतः फुलानंतरच्या पानांतून येते. फूल असताना पाने आखूड असतात. फूल गेले की ती लांब होऊ लागतात, आडवी पडतात, बाग विस्कटल्यासारखी दिसू लागते, आणि नेमका तोच त्यांच्या कामाचा काळ असतो. आपण तिसऱ्या आठवड्यात पाने कापलीत, तेव्हा नवे घनकंद वाटाण्याएवढे होते आणि ते तेवढेच राहिले. एवढ्या घनकंदाला फूल येत नाही, एखाददुसरे पान येते. वाफ्यात यंत्र फिरले नाही आणि तिथे त्याच जातीची फुले वाढली, यावरूनही हेच दिसते.

फुले संपल्यापासून साधारण सहा आठवडे पानांना द्यावेत. आठवडे मोजण्यापेक्षा मी पानाकडेच पाहतो: ते टोकापासून पिवळे पडत आले आणि हलक्या हिसक्याने सुटून आले की त्याचे काम झाले. क्रोकसच्या पानाच्या मध्यातून एक बारीक पांढरी रेघ गेलेली असते, गवताला ती नसते. गुडघ्यावर बसून पाहिले की लगेच ओळखू येते. ती रेघ जिथे दिसेल तेवढे पट्टे किंवा गोल सोडून बाकीची हिरवळ खुशाल कापावी. पानांच्या जुड्या बांधणे, गाठी मारणे हे प्रकार करू नयेत, कारण दुमडलेल्या पानाला ऊन मिळत नाही. पाने हिरवी असेपर्यंत पोटॅशयुक्त खत पातळ करून एक-दोनदा दिल्यास उपयोग होतो. नत्र अधिक असलेले खत मात्र नको, त्याने गवतच माजते. वाटाण्याएवढ्या घनकंदांना पुन्हा फुलण्याजोगे व्हायला एक-दोन वर्षे लागतील, परंतु ते वाया गेलेले नाहीत.

आता खोलीविषयी. पाच सेंटिमीटर कमीच झाले. आठ ते दहा सेंटिमीटर असावी. नवा घनकंद जुन्याच्या डोक्यावर बसत असल्याने दरवर्षी तो किंचित वर सरकायला हवा, परंतु क्रोकसला साध्या मुळांखेरीज काही जाड, पांढरी, आकुंचन पावणारी मुळे फुटतात आणि ती त्याला पुन्हा खाली ओढून घेतात. त्यामुळे एका वर्षात घनकंद आपोआप मातीबाहेर येणे शक्य नाही. आपल्याला जे उघडे सापडले, ते एक तर कोणी उकरले असतील किंवा उथळ लावल्याने गोठणाऱ्या मातीने वर ढकलले असतील. आत्ता काहीही उपसू नका. पाने वाळल्यावर, जागा विसरण्याआधी, वाफ्यातले घनकंद हलक्या हाताने काढावेत, माती झटकून हवेशीर, कोरड्या सावलीत ठेवावेत आणि शरद ऋतूच्या सुरुवातीला नव्या खोलीवर लावावेत. हिरवळीतले तसेच राहू द्या. त्यांना सध्या स्वस्थता हवी आहे.

पिवळ्यांची निम्मी संख्या घटली, त्यात मला उन्हाळ्यातल्या पाण्याचा संशय येतो. क्रिसँथस ही बाल्कन आणि तुर्कस्तानातल्या उघड्या, दगडाळ उतारांवरची जाती आहे. तिथे पाणी हिवाळ्यात आणि बर्फ वितळताना मिळते. उन्हाळ्यात जमीन कोरडी आणि तापलेली असते. पाने गेल्यानंतर याच उबदार विश्रांतीत घनकंदाच्या आत पुढच्या वर्षीच्या फुलाचा अंकुर तयार होतो. अशा वेळी वाफा ओला राहिला की बुरशी लागते. टॉमासिनियानस झाडीतल्या सावलीच्या उतारांवर वाढणारी जात असल्याने तिने तेच पाणी सोसले. पिवळ्यांना वेगळी, उंचवट्याची जागा द्या, मातीत जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळा आणि उन्हाळ्यात तिकडे झारी नेऊ नका. घनकंद काढाल तेव्हा प्रत्येक बोटांनी दाबून पाहा. मऊ, डागाळलेले किंवा वाळून काळे दगडासारखे झालेले घनकंद बागेबाहेर टाकावेत, कुजखतात नव्हे. पुढे कधी फुलांच्या रंगात वेडेवाकडे ओरखडे किंवा ठिपके दिसले आणि पाकळ्या वाकड्या आल्या, तर तो विषाणूचा रोग समजून ते झाडही मुळासकट काढावे. त्यावर औषध नाही.

पानगळ:

जुना वाफा यांनी पानांविषयी लिहिले आहे त्यात भर घालण्याजोगे काही नाही. मी केवळ ‘सर्वांत लवकर कोण’ या प्रश्नाविषयी लिहितो, कारण हा माझ्या विशेष आवडीचा भाग आहे.

बाजारात सर्रास मिळणारे मोठ्या फुलांचे डच क्रोकस व्हर्नस जातीतून निघालेले आहेत. पिकविक, जान दार्क, रिमेंब्रन्स हे त्यांतले जुने वाण. ते देखणे आहेत, पण लवकर फुलणाऱ्यांत धरता येत नाहीत. लहान फुलांच्या मूळ जाती त्यांच्या दोन-तीन आठवडे आधी येऊन जातात. हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्यांत अंकिरेन्सिस, टॉमासिनियानस, क्रिसँथस आणि सीबेरी हे चार भरवशाचे आहेत. अंकिरेन्सिसचे नाव अंकारावरून आले असून त्याचा गोल्डन बंच हा वाण एका घनकंदातून चार-पाच लहान, गडद केशरी-पिवळी फुले देतो. सीबेरी ग्रीसकडची; तिच्या ट्रायकलर वाणात आत पिवळा, मग पांढरा आणि बाहेर जांभळा असे तीन स्वच्छ पट्टे असतात. यांच्याही आधी, ऐन हिवाळ्यात, ग्रीसमधील लेव्हिगेटस आणि दक्षिण इटलीतील इंपेराटी फुलतात. इंपेराटीची कळी बाहेरून मळकट पिवळसर, त्यावर गडद जांभळ्या रेघा असलेली असते आणि उमलली की आतून स्वच्छ जांभळी निघते. मात्र या दोघांना पावसाचा मारा सोसत नाही, त्यामुळे त्यांना भिंतीच्या आडोशाला किंवा उथळ कुंडीत ठेवणे चांगले.

जातीइतकाच जागेचाही परिणाम होतो. माझ्याकडे टॉमासिनियानसचे एकाच खेपेतले घनकंद उन्हाच्या भिंतीखाली आणि कुंपणाच्या सावलीत असे दोन ठिकाणी आहेत. भिंतीखालचे संपत आले की सावलीतले सुरू होतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेला उतार, पायऱ्यांचा कोपरा, दगडी वाटेची कड, पानझडी झाडाचा बुंधा या जागा आधी तापतात. दुपारचे ऊन मिळणारी जागा निवडण्याचे आणखी एक कारण आहे. आपण पाहिलेले उमलणे-मिटणे मुख्यतः उष्णतेवर चालते: ऊब मिळाली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा वेगाने वाढते आणि पाकळी बाहेर कलते; गारठा आला की उलट होते. टॉमासिनियानसच्या बाहेरच्या पाकळ्या पाठीमागून चंदेरी राखाडी असतात, म्हणून सावलीत ती दिवसभर मिटून राहिली तर फूल असूनही नसल्यासारखे वाटते. थंडीतून बाहेर पडलेल्या पहिल्या मधमाश्या आणि मोठे केसाळ भुंगेही उमललेल्या फुलांवरच येतात.

या जातीला ट्रिएस्टचे वनस्पती अभ्यासक मुत्सिओ टॉमासिनी यांचे नाव मिळाले आहे. ती बियांनीही पसरते, आणि ते पाहण्यासारखे असते. क्रोकसच्या फुलाखाली जी लांब पांढरी नळी आपल्याला देठ वाटते, ती फुलाचाच भाग असते. अंडाशय जमिनीखाली, थंडीपासून सुरक्षित असतो. फूल सुकल्यावर काही आठवड्यांनी, पाने पिवळी पडू लागतात तेव्हा, एक छोटे बोंड मातीच्या पृष्ठभागावर येते, तडकते आणि बी सांडते. त्या बीपासून फूल यायला साधारण तीन वर्षे लागतात. म्हणून हिरवळीसाठी मी कोणालाही आधी हीच जात सुचवतो. तिचा गडद रंगाचा रूबी जायंट हा वाण बी धरत नाही, पण घनकंदांनी वाढतो. ज्यांना पसारा नको त्यांनी तो घ्यावा. नाजूक, हळू वाढणाऱ्या जातींच्या शेजारी मात्र मूळ टॉमासिनियानस लावू नये, काही वर्षांत ती त्यांना झाकून टाकते.

क्रिसँथसमध्येही फक्त पिवळ्यावर थांबू नका. इंग्लंडमधील ई. ए. बोल्स (1865–1954) यांनी एन्फील्ड येथील मिडलटन हाउसच्या बागेत आयुष्यभर क्रोकस जमवले आणि वाढवले. त्यांचा स्नो बंटिंग हा पांढरा, पिवळ्या गळ्याचा, सुवासिक वाण आजही लावला जातो. ब्लू पर्ल आणि क्रीम ब्यूटी हेही सोपे आणि भरवशाचे वाण आहेत.

खरेदी करताना एक खबरदारी घ्यावी. केशर देणारा सॅटिव्हस हा शरद ऋतूत फुलणारा क्रोकस आहे. लवकर फुलणाऱ्या क्रोकसांपासून केशराची अपेक्षा ठेवू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ‘शरद क्रोकस’ या नावाने पुष्कळदा कॉल्चिकम विकले जाते, ते क्रोकस नव्हेच आणि त्याचे सगळे भाग विषारी असतात. फुलात डोकावून पुंकेसर मोजावेत: क्रोकसला तीन असतात, कॉल्चिकमला सहा.

खुरपे:

फुलांच्या चिंध्या बहुधा चिमण्यांनी केल्या असाव्यात. पिवळ्या क्रोकसवर त्या विशेष तुटून पडतात, जांभळ्यांना त्या मानाने कमी त्रास होतो. आपल्या वर्णनातही नेमके तेच दिसते. पूर्वी लोक फुलांवरून काळा दोरा ताणत असत. मी तसे करू नका असे कळकळीने सांगेन, कारण त्यात पक्ष्याचा पाय अडकून तो जायबंदी होतो. मी छाटणीच्या बारीक काटक्या पिवळ्या फुलांच्या आजूबाजूला दाट खोचून ठेवतो. चिमणीला उतरायला मोकळी जागा मिळाली नाही की निम्मा उपद्रव टळतो, आणि फुलेही काटक्यांमधून छान दिसतात.

उघड्या पडलेल्या घनकंदांविषयी जुना वाफा यांनी दोन शक्यता सांगितल्या आहेत. मला पहिलीच, म्हणजे कोणी उकरल्याची, अधिक संभवनीय वाटते, कारण खार आणि उंदीर यांना ताजी उकरलेली माती लगेच कळते. माझ्या पहिल्या वर्षी संध्याकाळी लावलेल्या तीस घनकंदांपैकी सकाळी बावीस गायब होते आणि वाफ्यावर त्यांची सोललेली तपकिरी टरफले पसरली होती. तेव्हापासून मी लावताना सुटलेली टरफले तिथे पडू देत नाही, माती पायाने दाबून घट्ट करतो, पाणी देतो आणि वरून बारीक छिद्रांची तारेची जाळी अंथरून कडा दगडांनी दाबतो. कोंब जाळीला टेकण्याआधी ती काढायची. शेतउंदीर खालून येत असतील तर जाळीची उथळ पेटी करून घनकंद तिच्यात लावावे लागतात. हाडांचा चुरा खत म्हणून घालण्याची शिफारस पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. माझ्या अनुभवात त्या वासाने जनावरे अधिक उकरतात, म्हणून मी तो बंद केला. टॉमासिनियानसला खारी सहसा कमी हात लावतात, असे अनेक बागकाम करणारे सांगतात आणि माझ्याकडेही तसेच घडले आहे.

खोलीच्या बाबतीत माझे थोडे वेगळे मत आहे. आठ सेंटिमीटर जड, चिकण मातीत ठीक. माझ्यासारख्या वालुकामय, भुसभुशीत जमिनीत मी बारा सेंटिमीटरपर्यंत जातो. फूल दोन-चार दिवस उशिरा आले तरी चालते, पण घनकंद जागेवर राहतो.

उंबरठा:

चर्चा वाचून एक प्रश्न विचारावासा वाटतो. जिथे हिवाळा सौम्य असतो आणि गोठण्याइतकी थंडी पडतच नाही, तिथे यांपैकी एखादा क्रोकस फुलू शकतो का?

पानगळ:

जमिनीत वर्षानुवर्षे टिकून फुलणे तिथे कठीण आहे. कुंडीत एका हंगामापुरते जमते. घनकंदाच्या आत फुलाचा अंकुर तयार असला तरी तो वर यायला लांब थंडीचा काळ लागतो. उथळ कुंडीत घनकंद जवळजवळ, पण एकमेकांना चिकटणार नाहीत असे लावावेत, माती ओलसर करावी आणि कुंडी साधारण 5 ते 9 अंश सेल्सियसमध्ये, अंधारात, 12 ते 15 आठवडे ठेवावी. यासाठी शीतकपाट वापरता येते, पण त्यात पिकणारी फळे ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतला अंकुर मरतो. कोंब चार-पाच सेंटिमीटर झाले की कुंडी उजेडाच्या, थंडातल्या थंड जागी आणावी. घाईने उबदार खोलीत आणल्यास पाने भराभर वाढतात आणि कळ्या आतच सुकतात. या कामासाठी मोठ्या घेराचे डच वाण घ्यावेत, कारण त्यांच्यात साठा अधिक असतो.

ओली माती:

सर्वांचे मनापासून आभार. गवत कापायचे यंत्र परत कोठीत ठेवले आहे.

उत्तरे वाचल्यावर राहवले नाही, म्हणून हिरवळीत एक आणि वाफ्यात एक अशा दोन ठिकाणी खुरप्याने हलकेच माती बाजूला करून पाहिले. हिरवळीत एका बारीक पानाखाली करंगळीच्या नखाएवढी तपकिरी, सुकत चाललेली चकती होती आणि तिच्यावर मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा, पांढरा, गुळगुळीत नवा घनकंद बसलेला होता. वाफ्यात जांभळ्याखालची चकती चांगली अंगठ्याच्या पेराएवढी होती, तिच्यावर एकमेकांना खेटून दोन नवे घनकंद होते, आणि बाजूने एक जाड, पांढरे, आडव्या सुरकुत्या पडलेले मूळ सरळ खाली गेलेले दिसले. तेच खाली ओढणारे मूळ असावे, असे समजते. दोन्ही ठिकाणी माती पुन्हा पूर्ववत लोटून पाणी दिले.

पिवळ्यांची जागा बदलण्याचे ठरवले आहे. भिंतीलगत पायऱ्यांच्या बाजूला एक कोरडा उंचवटा आहे, तिथे माती आणि खडी घालून त्यांना लावीन आणि सोबत अंकिरेन्सिसही लावीन.

आता एक शेवटची शंका. वाफ्यात जांभळ्या क्रोकसच्या आसपास दोऱ्यासारखी एकेकटी, अगदी बारीक पाने उगवलेली दिसतात. हीसुद्धा उपासमार झालेल्या घनकंदांची पाने आहेत का? तसे असेल तर त्यांना खत द्यायला हवे.

जुना वाफा:

त्या वाफ्यात यंत्र फिरलेले नाही, त्यामुळे ती उपासमार झालेल्यांची असण्यापेक्षा बीपासून उगवलेली नवी रोपे असण्याची शक्यता अधिक आहे. आपल्या टॉमासिनियानसने पहिल्या वर्षीच बोंडे धरलेली दिसतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी सांडलेले बी पुढच्या थंडीनंतर असेच एका दोऱ्यासारख्या पानाने वर येते. खात्री करायची असेल तर एकच रोप उचलून पाहावे. उपासमार झालेल्या घनकंदाखाली जुनी चकती असते, आपण हिरवळीत पाहिली तशी. बीपासून आलेल्या रोपाखाली चकती नसते, केवळ मोहरीएवढा एक पांढरा मणी असतो.

तसे निघाले, तर मी आधी दिलेला सल्ला त्या भागापुरता बदलतो: पाने वाळल्यावर वाफ्यातले सगळे घनकंद काढा असे म्हटले होते, त्याऐवजी फक्त पिवळे काढावेत आणि जांभळ्यांचा पट्टा जसा आहे तसा सोडावा. तिथले मोठे घनकंद उथळ असले तरी ती सुरकुतलेली मुळे त्यांना हळूहळू खाली नेतील, आणि वरून दोन-तीन सेंटिमीटर पालापाचोळ्याचे खत पसरले की उरलेली उणीव भरून निघेल. ते खत मात्र रोपांची पाने गेल्यावरच घालावे. हे मणी इतके लहान असतात की उन्हाळ्यात खुरपणी करताना मातीबरोबर सहज फेकले जातात. म्हणून पाने दिसत आहेत तोवरच त्या जागेच्या चार कोपऱ्यांना चार काटक्या रोवून ठेवा आणि पुढची तीन वर्षे त्या चौकोनात खुरपे लावू नका.